विश्लेषण : हंस खरेच आयुष्यभर एकाच जोडीदारासोबत राहतात? चोचीवरून हंस ओळखणाऱ्या पीटर स्कॉट यांची कहाणी

लग्नपत्रिका असो की शुभेच्छापत्र, दोन माना जोडून बदामाचा आकार करणारी हंसांची जोडी हमखास दिसते. आयुष्यभराच्या साथीचे ते जणू अधिकृत चिन्ह झाले आहे. पण हंस आपल्या जोडीदाराबरोबर किती वर्षे राहतो, याचे खात्रीचे उत्तर मिळण्यात एक साधी अडचण होती. सगळे हंस पांढरे, सगळ्यांच्या माना लांब. मागच्या हिवाळ्यात पाहिलेली जोडी या हिवाळ्यात परत आली की दुसरीच कुठली आली, हे ओळखायचे कसे? ही अडचण १९६४ मध्ये इंग्लंडमधील एका चित्रकाराने स्वतःच्या घराच्या खिडकीत बसून सोडवली. त्यांचे नाव सर पीटर स्कॉट. जागतिक वन्यजीव निधीचे (डब्ल्यूडब्ल्यूएफ) संस्थापक म्हणून ते जगाला माहीत आहेत. हंसांच्या जोड्यांचे त्यांनी सुरू केलेले काम मात्र त्या मानाने कमी लोकांपर्यंत पोहोचले.

पीटर स्कॉट कोण होते?

पीटर मार्कहॅम स्कॉट यांचा जन्म १४ सप्टेंबर १९०९ रोजी लंडनमध्ये झाला. वडील कॅप्टन रॉबर्ट फाल्कन स्कॉट, म्हणजे दक्षिण ध्रुवावर पोहोचलेले, पण नॉर्वेच्या आमुंडसेन यांच्यानंतर पोहोचलेले आणि परतीच्या वाटेवर बर्फात मरण पावलेले तेच ते दर्यावर्दी. मोहिमेवर निघाले तेव्हा मुलगा जेमतेम नऊ महिन्यांचा होता. मार्च १९१२ मध्ये तंबूत अडकून पडलेल्या कॅप्टन स्कॉट यांनी पत्नीला शेवटचे पत्र लिहिले. मुलाला जमल्यास निसर्गाच्या अभ्यासाची गोडी लाव, खेळांपेक्षाही ते बरे, असा त्यातला आशय होता. पत्र आणि मृतदेह नोव्हेंबरमध्ये सापडले. पतीला भेटण्यासाठी न्यूझीलंडकडे निघालेल्या आईला ही बातमी १९१३ च्या फेब्रुवारीत भर समुद्रात बोटीवरच कळली.

आई कॅथलीन स्कॉट नामवंत शिल्पकार होत्या. मुलाचे नाव ‘पीटर पॅन’चे लेखक जे. एम. बॅरी यांच्या पात्रावरून ठेवले गेले. बॅरी हे त्याचे धर्मपिताही होते. वडिलांची इच्छा आणि आईची कला, दोन्ही मुलात उतरल्या. केंब्रिजला तो निसर्गविज्ञान शिकायला गेला आणि १९३१ मध्ये कलेच्या इतिहासाची पदवी घेऊन बाहेर पडला. पुढे म्युनिक आणि लंडनच्या रॉयल अकॅडमीत चित्रकलेचे शिक्षण झाले. पहाटेच्या आकाशात उडणाऱ्या रानबदकांची आणि कलहंसांची त्यांची चित्रे चांगली विकली जाऊ लागली. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये एकट्याने चालवायच्या शिडाच्या होडीच्या शर्यतीत त्यांना कांस्यपदक मिळाले. हे सगळे तिशीच्या आत.

शिकारी माणूस पक्ष्यांकडे कसा वळला?

या तरुणाला पक्ष्यांचे वेड होते, पण ते बंदुकीच्या नळीतून. इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ‘द वॉश’ नावाची विस्तीर्ण चिखलाची खाडी आहे. तिथे हिवाळ्यात उत्तरेकडून हजारो कलहंस उतरतात. सपाट होडीत पालथे पडून, पाण्याच्या पातळीवरून त्यांच्या जवळ सरकायचे आणि मोठ्या बंदुकीचा बार उडवायचा, ही तिथली शिकारीची पद्धत. स्कॉट त्यात तरबेज होते. भरपूर पक्षी मारायचे, त्यांचीच चित्रे काढायची, त्या चित्रांवर जगायचे, असा काही वर्षांचा क्रम होता.

(इथे नावांचा एक गोंधळ दूर केलेला बरा. आपल्या वृत्तपत्रांत जायकवाडीला किंवा उजनीला राजहंस आले अशी बातमी दर हिवाळ्यात येते. ते पक्षी म्हणजे डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब. ते हंसाचे भाऊबंद असले तरी खरे हंस नाहीत. त्यांना कलहंसांच्या गटात धरतात. खरे हंस भारतात फारच क्वचित दिसतात.)

एकदा गोळी लागलेला कलहंस दूर गाळात पडला. गाळ इतका खोल की तिथवर पोहोचता येईना. दुसऱ्या दिवशीही तो तिथेच होता आणि जिवंत होता. हा प्रसंग स्कॉट यांच्या मनातून गेला नाही. म्हणून त्यांनी लगेच बंदूक टाकली, असे मात्र झाले नाही. कहाणी नीटनेटकी करण्यासाठी तसे सांगितले जाते. शिकार पुढेही काही वर्षे चालू राहिली. फक्त तिच्याबरोबर दुसरी गोष्ट सुरू झाली. सटन ब्रिजजवळ नेने नदीच्या मुखाशी एका जुन्या दीपगृहात ते राहायला गेले आणि तिथे त्यांनी कलहंस पाळायला घेतले. पाळलेल्या पक्ष्याला रोज पाहावे लागते, आणि रोज पाहिले की कोण भांडखोर, कोण भित्रा, कोण कोणाच्या मागे फिरतो, हे कळायला लागते. युद्धानंतर काही वर्षांनी बंदूक कायमची बाजूला झाली ती या वाटेने.

युद्धात ते ब्रिटिश नौदलात होते. आधी उत्तर अटलांटिकमध्ये विनाशिकेवर, मग इंग्लिश खाडीत वेगवान तोफनौकांवर. शत्रूला रात्री जहाज दिसू नये यासाठी फिकट रंगांची योजना सुचवणाऱ्यांत ते होते. चित्रकाराची नजर अशीही कामी आली. शौर्याबद्दल दोनदा पदक मिळाले. त्यांच्या हाताखालच्या तोफनौकेचे नाव होते ‘ग्रे गूज’, म्हणजे करडा कलहंस!

स्लिमब्रिजमध्ये नेमके काय सुरू झाले?

१९४५ च्या निवडणुकीत स्कॉट हुजूर पक्षातर्फे उभे राहिले आणि थोडक्या मतांनी पडले. ते निवडून आले असते तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. त्याच वर्षाच्या अखेरीस ते दुर्मीळ कलहंसाच्या शोधात ग्लॉस्टरशरमध्ये सेव्हर्न नदीकाठच्या स्लिमब्रिज गावी गेले. नदीकाठच्या कुरणात हिवाळी पाहुण्यांचे थवेच्या थवे उतरलेले होते. पुढच्याच वर्षी, १० नोव्हेंबर १९४६ रोजी, तिथे सेव्हर्न वाइल्डफाउल ट्रस्ट स्थापन झाला. आजच्या वाइल्डफाउल अँड वेटलँड्स ट्रस्टची ही सुरुवात.

पाणपक्ष्यांवर संशोधन करायचे, नामशेष होऊ घातलेल्या जाती वाढवायच्या आणि सामान्य लोकांना तिकीट काढून ते सगळे जवळून पाहू द्यायचे, अशी कल्पना होती. त्या काळात ही तिन्ही कामे एका कुंपणाच्या आत होणे नवीन होते. हवाई बेटांवरच्या नेने नावाच्या कलहंसाचे उदाहरण प्रसिद्ध आहे. जगात जेमतेम तीसेक पक्षी उरले असताना १९५० मध्ये त्यातली एक जोडी स्लिमब्रिजला आणण्यात आली. दोघांनीही अंडी घातली, तेव्हा कळले की दोन्ही माद्याच आहेत. तातडीने नर मागवावा लागला. पुढे मात्र त्यांची संख्या वाढली आणि १९६२ पासून स्लिमब्रिजला वाढलेले नेने हवाई बेटांवर परत सोडले गेले. पक्ष्यांतली जोडी नुसती पाहून ओळखणे किती अवघड, याचा धडाही यातून मिळाला.

याच काळात स्कॉट यांच्या संसारातही उलथापालथ झाली. १९४२ मध्ये कादंबरीकार एलिझाबेथ जेन हॉवर्ड यांच्याशी झालेले लग्न १९५१ मध्ये घटस्फोटाने संपले. त्याच वर्षी, आइसलँडमध्ये कलहंसांना कडी घालण्याच्या मोहिमेवर असताना, सहकारी फिलिपा टॅलबॉट-पॉन्सनबी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मुलगी झाली तिचे नाव डॅफिला, एका बदकाच्या जुन्या शास्त्रीय नावावरून; मुलाचे नाव फाल्कन, आजोबांवरून. पुढे हंसांच्या कामात हे घरच्या घर उतरले.

हंस ओळखण्याची युक्ती काय होती?

युरोपात हंसांच्या मुख्य जाती तीन. उद्याने-तलावांत दिसणारा, नारिंगी चोचीचा मूक हंस; उत्तरेकडून येणारा मोठा, पिवळ्या चोचीचा व्हूपर हंस; आणि तिघांत लहान असलेला ब्युइक हंस. कोरीव चित्रांसाठी प्रसिद्ध असलेले इंग्रज कलावंत थॉमस ब्युइक यांच्यावरून त्याला हे नाव मिळाले. ब्युइक हंसाची वीण रशियाच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक किनाऱ्यालगतच्या टुंड्रा प्रदेशात होते. हिवाळ्यात तो साडेतीन-चार हजार किलोमीटर उडून जर्मनी, नेदरलँड्स आणि ब्रिटनला येतो.

स्लिमब्रिजच्या पाळीव हंसांचे आवाज ऐकून काही रानटी ब्युइक हंस खाली उतरू लागले होते. १९६३-६४ च्या हिवाळ्यात ही संख्या वाढली. स्कॉट यांनी पाळीव हंसांना आपल्या चित्रशाळेच्या भल्यामोठ्या खिडकीसमोरच्या तळ्यात हलवले, तिथे दाणे टाकायला सुरुवात केली आणि रानटी हंस खिडकीपासून काही मीटरवर येऊन पोहू लागले.

फेब्रुवारी १९६४ मध्ये त्यांच्या लक्षात आले की या हंसांच्या चोचीवरची काळ्या-पिवळ्या रंगाची नक्षी एकसारखी नाही. एकाचा पिवळा डाग कपाळापर्यंत गेलेला, दुसऱ्याचा मध्येच तुटलेला, तिसऱ्याच्या चोचीवर वरून खालपर्यंत काळी धार. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखी ही नक्षी प्रत्येकाची वेगळी होती. स्कॉट यांनी प्रत्येक हंसाच्या चोचीचे समोरून आणि बाजूने छोटे चित्र काढायला घेतले. नक्षीचे तीन ढोबळ गट पाडले: बहुतांश काळी, बहुतांश पिवळी आणि या दोहोंच्या मधली. प्रत्येकाला नाव दिले. आकड्यांऐवजी नावे का, तर नाव लक्षात राहते. फिलिपा नोंदवह्या ठेवत, मुलेही नव्याने आलेले हंस ओळखण्यात तरबेज झाली.

चोचीवरची नक्षी मोठ्या हंसात आयुष्यभर जवळजवळ तशीच राहते. त्यामुळे पक्षी पकडण्याची, त्याच्या पायात कडे घालण्याची गरजच उरली नाही. नोव्हेंबरमध्ये हंस परत आले की वही उघडायची आणि जुळवून पाहायचे. परत आलेल्यांत जुनी ओळखीची तोंडे निघाली आणि बहुतेक जण जोडीने आले होते, मागच्या वर्षीच्याच जोडीदाराबरोबर. पहिल्या वर्षीच्या हंसांतल्या एकाचे नाव लॅन्सलॉट होते. तो वीसपेक्षा जास्त हिवाळे परत येत राहिला. टुंड्रात जाऊन परत यायचे म्हणजे दरवर्षी सात-आठ हजार किलोमीटर. हा हिशेब केला की त्या छोट्या चित्रांची किंमत कळते.

हद्दीचे भांडण आणि जोडी यांचा संबंध काय?

हंस मायाळू दिसतो, पण हद्दीच्या बाबतीत तो कमालीचा भांडकुदळ आहे. मूक हंसाची जोडी नदीचा एखादा पट्टा किंवा अख्खे तळे आपले मानते. दुसरा हंस दिसला की नर पंख कमानीसारखे उभारतो, मान मागे ओढून घेतो आणि दोन्ही पाय एकदम मारत झटक्या-झटक्याने त्याच्याकडे झेपावतो. लग्नाच्या छायाचित्रांत ज्याला डौल म्हणतात, तो अनेकदा हा इशारा असतो. समोरच्याने माघार घेतली नाही तर माना एकमेकांत अडकवून, पंखांचे तडाखे देत मारामारी होते. एखाद्याला पाण्याखाली दाबून मारण्यापर्यंतही ती जाऊ शकते. पुढची वीण जवळ आली की आधीच्या वर्षीची स्वतःची पिल्लेही हद्दीबाहेर हाकलली जातात. याला अपवाद आहे. दक्षिण इंग्लंडमधील ॲबट्सबरी येथे मूक हंस शेकडोंच्या वस्तीत, घरट्याला लागून घरटे करून राहतात. अन्न मुबलक असेल तर हद्दीचा आग्रहही सैल होतो, असा याचा अर्थ लावला जातो.

हद्द राखायची तर दोघे लागतात. मादी अंडी उबवत असताना नर पहारा देतो. दोघांपैकी एक कमी पडला तर चांगली जागा हातची जाते. मूक हंसाच्या बाबतीत जोडी टिकण्याचे हे मोठे कारण आहे. जागा तीच, म्हणून जोडीही तीच.

पण ब्युइक हंसाचे काय? उन्हाळ्यात टुंड्रावर तोही घरट्याभोवतीची जागा राखतो, अनेकदा वर्षानुवर्षे त्याच उंचवट्यावर घरटे करतो. हिवाळ्यात मात्र त्याला स्वतःची जागा नसते. शेकडो हंस एकाच शेतात, एकाच तळ्यात दाटीवाटीने चरतात. जागेसाठीच जोडी असेल, तर हिवाळ्यात ती मोडायला हवी. ती मोडत नाही, हे स्लिमब्रिजच्या वह्यांनी दाखवले. का मोडत नाही, याचे उत्तर शोधण्यात डॅफिला स्कॉट यांचा वाटा मोठा आहे. खिडकीत बसून हंसांची नावे पाठ करणारी ही मुलगी पुढे प्राणिशास्त्रज्ञ झाली आणि ब्युइक हंसांच्या हिवाळी वर्तनावर तिने केंब्रिजमधून संशोधन केले.

थव्यात कोण कोणाला हुसकावतो, याच्या नोंदी ठेवल्यावर एक उतरंड दिसली. पिल्लांसह असलेले कुटुंब सगळ्यांत वर, बिनपिल्लांची जोडी त्याखाली आणि एकटा हंस तळाशी. दाणे टाकले की एकट्याला पहिल्यांदा बाजूला व्हावे लागते. आईबापांच्या जवळ असलेल्या पिल्लांना निवांत खाता येते; आईबापांपासून दूर गेले की मोठे हंस त्यांना टोचतात. म्हणजे हिवाळ्यात ब्युइक हंसाची हद्द त्याच्या जोडीबरोबर चालते. जोडीदार जिथे, तिथे थोडी मोकळी जागा.

भांडण जिंकल्यावर जोडीचे जे वागणे दिसते तेही पाहण्यासारखे असते. नर परत येतो, दोघे समोरासमोर उभे राहतात, पंख अर्धवट उघडून थरथरवतात, माना खाली-वर करत एकाच वेळी ओरडतात. पिल्ले असली तर तीही सामील होतात. कलहंसांत हा प्रकार ओस्कर हाइनरोथ आणि नंतर कोनराड लोरेन्झ या शास्त्रज्ञांनी वर्णन केला होता. शत्रूवर धावून जाणे आणि जोडीदाराशी जवळीक पक्की करणे, या दोन्ही गोष्टी त्यात एकमेकांना जोडलेल्या दिसतात. एकमेकांसाठी भांडलेली जोडी दर भांडणानंतर थोडी अधिक घट्ट होते म्हणायला हरकत नाही.

जोडीदार न बदलण्याचा फायदा काय?

यामागे टुंड्राचा उन्हाळाही आहे. बर्फ वितळून पुन्हा गोठेपर्यंत जेमतेम चार महिने मिळतात. तेवढ्यात घरटे, तीन ते पाच अंडी, महिनाभर उबवणे आणि मग पिल्लांना उडता येईपर्यंत आणखी सहा-सात आठवडे. मूक हंसाच्या पिल्लाला उडायला चार-पाच महिने लागतात. ब्युइक हंसाला तेवढी सवडच नाही. पोहोचल्याबरोबर कामाला लागावे लागते. नवा जोडीदार शोधायचा, त्याचे मन वळवायचे, जागेवरून भांडायचे, यात आठवडा-दोन आठवडे गेले तर ते वर्ष वाया. जुनी जोडी वाटेतूनच बरोबर येते. नरही इथे अंड्यांवर बसतो, म्हणजे मादीला चरायला जाता येते. कोणी कधी उठायचे, कोणी कधी बसायचे, हे एकमेकांच्या सवयीचे झालेले असते.

नोंदींची वर्षे साठत गेली तशी एक गोष्ट पक्की झाली: जोडी जितकी जुनी, तितकी तिच्याबरोबर हिवाळ्यात येणारी पिल्ले जास्त. ब्युइक हंस दोन-तीन वर्षांचा असताना जोडीदार निवडतो, पण पिल्ले यायला पुढे आणखी काही वर्षे जातात. या मधल्या काळात दोघे एकत्र राहतात, उडतात, भांडतात. जोडीदार सोडला तर ही सगळी उमेदवारी पुन्हा सुरुवातीपासून करावी लागते.

मग हंसांमध्ये ‘घटस्फोट’ होतच नाहीत का?

होतात, पण मोजायचे कसे हे आधी पाहायला हवे. हंस एकटा परत आला म्हणजे जोडी मोडली असे नाही. दुसरा वाटेत मेला असण्याची शक्यताच जास्त. दोघेही जिवंत दिसले आणि दोघांबरोबर वेगवेगळे जोडीदार असले, तरच अभ्यासक त्याला घटस्फोट म्हणतात. प्रत्येक पक्ष्याची ओळख पटत असेल तरच ही व्याख्या वापरता येते. म्हणजे पुन्हा चोचीच्या चित्रांपाशी यावे लागते.

या कसोटीवर स्लिमब्रिजचा आकडा थक्क करणारा आहे. २००९-१० च्या हिवाळ्यात सरिंदी आणि सरुनी नावाचे दोन हंस एकमेकांशिवाय, नव्या जोडीदारांसह परत आले. त्याआधीच्या चाळीसहून अधिक वर्षांत सुमारे ४,००० जोड्या पाहून झाल्या होत्या आणि तोवर असा प्रकार फक्त एकदाच नोंदला गेला होता. सरिंदी-सरुनी दोन वर्षे एकत्र होते आणि त्यांना पिल्ले झाली नव्हती. तेच कारण असावे, असा अंदाज मांडला गेला. मूक हंस आणि व्हूपर हंस यांच्यात जोड्या मोडण्याचे प्रमाण याहून जास्त आहे, आणि मूक हंसात वीण फसली की ते वाढते. ऑस्ट्रेलियातील काळ्या हंसांच्या पिल्लांची जनुकीय तपासणी झाली तेव्हा दर सात पिल्लांमागे साधारण एकाचा बाप घरट्यावरचा नर नव्हता. एकत्र राहणे आणि एकनिष्ठ असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यातली पहिलीच दुर्बिणीतून दिसते.

जोडीदार मेल्यावर हंस झुरून मरतो, ही समजूतही वह्यांत टिकली नाही. मागे राहिलेला हंस काही काळ एकटा राहतो, उतरंडीत घसरतो, आणि बहुतेकदा एक-दोन हिवाळ्यांत नवा जोडीदार घेऊन येतो.

हंसांच्या अंगात शिसे कुठून आले?

जोड्या मोडण्याचे खरे कारण वेगळेच निघाले. १९७० च्या दशकात पकडलेल्या ब्युइक हंसांची क्ष-किरण तपासणी केली तेव्हा दर तीनांपैकी एकाच्या शरीरात बंदुकीचे छर्रे आढळले. या हंसाच्या शिकारीला त्याच्या प्रवासमार्गावरील देशांत बंदी असतानाही. तरुणपणी स्वतः हजारो छर्रे उडवलेल्या माणसाच्या तळ्यावर हे उघड झाले, ही गोष्ट विसरता येण्यासारखी नाही. शिवाय चिखलात पडलेले शिशाचे छर्रे हंस खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात. विजेच्या तारांना आदळून मरणारेही बरेच.

हंस वाटेत आणि टुंड्रावर काय भोगतात, हे स्कॉट यांना दीर्घकाळ खिडकीतून कळणे शक्य नव्हते. विणीची भूमी सोव्हिएत महासंघात होती आणि शीतयुद्धाच्या काळात पाश्चात्त्य निरीक्षकांना ती जवळजवळ बंद होती. ब्रिटिश आणि रशियन अभ्यासकांनी तिथे मिळून काम सुरू केले ते १९९० च्या दशकात. ते पाहायला स्कॉट नव्हते.

त्यांच्या पुढच्या आयुष्यातील बाकीच्या गोष्टी बऱ्याच प्रसिद्ध आहेत. १९६१ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूएफची स्थापना झाली आणि तिच्या पांडाच्या बोधचिन्हाला त्यांच्या हातून आकार मिळाला. १९६३ ते १९८० ते आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या प्रजाती रक्षण आयोगाचे अध्यक्ष होते. संकटग्रस्त प्रजातींची लाल यादी त्याच काळात रुजली. बीबीसीवरच्या ‘लुक’ या कार्यक्रमामुळे ते घराघरांत पोहोचले. १९६३ मध्ये ग्लायडिंगचे राष्ट्रीय विजेतेपद, १९६४ मध्ये अमेरिका कपच्या नौकाशर्यतीत नेतृत्व आणि सपशेल पराभव. १९७३ मध्ये सर हा किताब मिळाला. १९७५ मध्ये लॉक नेसच्या तथाकथित राक्षसाला शास्त्रीय नाव देण्याचा त्यांचा उद्योग अनेकांना रुचला नाही. चोचीच्या एका डागाची इतकी काटेकोर नोंद ठेवणाऱ्याने धूसर छायाचित्रांवर भरवसा ठेवावा, हे आजही कोड्यासारखे वाटते. २९ ऑगस्ट १९८९ रोजी, ऐंशीवा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना, त्यांचे निधन झाले.

आज स्लिमब्रिजला किती हंस येतात?

पूर्वीपेक्षा कमी. वायव्य युरोपात हिवाळ्यात येणाऱ्या ब्युइक हंसांची संख्या १९९५ मध्ये सुमारे २९ हजार होती, २०१० पर्यंत ती १८ हजारांवर आली आणि त्यानंतरही घटली. शिकार, तारा आणि शिसे ही कारणे आहेतच. शिवाय हिवाळे सौम्य झाल्याने बरेच हंस जर्मनी-नेदरलँड्समध्येच थांबतात, ब्रिटनपर्यंत येण्याची त्यांना गरज वाटत नाही. त्यामुळे ब्रिटनमधील घट किती खरी आणि किती स्थलांतर आखूड झाल्याची, हे वेगळे काढण्यासाठी खंडभर एकाच वेळी गणना करावी लागते.

चोचीच्या नोंदी १९६४ पासून खंड न पडता चालू आहेत. आजवर सुमारे दहा हजार हंसांची ओळख त्यात जमा झाली असून, एकाच पक्षिजातीतील ओळख पटवलेल्या पक्ष्यांच्या जगातील सर्वांत दीर्घ अभ्यासांत त्यांची गणना होते. छायाचित्रे आता सोपी झाली, तरी नव्याने आलेल्या हंसाची चोच समोरून आणि बाजूने काढण्याची पद्धत तशीच आहे. पहिला हंस साधारण ऑक्टोबरच्या उत्तरार्धात येतो. तो एकटा आला की जोडीने, हे पहिल्यांदा लिहिले जाते.